हेरातचा वेढा उठल्यावर

इ. स. १८३८ च्या सप्टेंबरच्या ९ तारखेस इराणचा बादशहा महंमद शाह याने सुमारे साडेनऊ महिने चालविलेला हेरातचा वेढा उठविला आणि आपला तोफखाना व लवाजमा घेऊन तो माघारी फिरला. या वेढ्यामागे रशियाची फूस होती. हेरात पडले की अफगाणिस्तानात रशियाच्या हस्तकांस मोकळे रान मिळेल आणि कंदाहार, काबूल व पेशावर या मार्गाने हिंदुस्थानवर संकट चालून येईल, या भयानेच कंपनी सरकारने काबूलचा अमीर दोस्त महंमद खान यास पदच्युत करून त्याच्या जागी लुधियान्यास पेन्शनीवर राहणाऱ्या शाहशुजास बसविण्याची मसलत त्या उन्हाळ्यात सिद्ध केली होती. वेढा उठल्याची बातमी सिमल्यास पोहोचण्यापूर्वीच, १ ऑक्टोबर रोजी, गव्हर्नर-जनरल लॉर्ड ऑकलंड यांचा जाहीरनामा निघाला. आणि बातमी येऊन पोहोचल्यावर, ८ नोव्हेंबर रोजी, त्यांनी पुन्हा एकवार जाहीर केले की हेरात सुटले ही संतोषाची गोष्ट होय, परंतु काबूलचा बेत त्यामुळे रहित होणार नाही. ज्या कारणासाठी मोहीम काढावयाची ते कारण उरले नव्हते, आणि तरीही मोहीम निघाली.

या मोहिमेचा शेवट सर्वांस ठाऊक आहे. १८४२ च्या जानेवारीच्या ६ तारखेस काबूलच्या छावणीतून निघालेले सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे बर्फात व गिलझाई टोळ्यांच्या गोळीबारात आठवडाभरात नष्ट झाले, आणि १३ तारखेस डॉक्टर ब्रायडन हा एकटा घायाळ गोरा अधिकारी थकल्या तट्टावर बसून जलालाबादच्या तटाशी येऊन थडकला. या चित्राची भुरळ एवढी जबर आहे की इतिहास लिहिणाराही बहुधा पराभवाकडेच पाहत राहतो, आणि मग अपयशाचे खापर काबूलच्या फौजेचे सेनापती जनरल एल्फिन्स्टन यांच्या संधिवातावर, छावणीच्या चुकीच्या जागेवर किंवा काबूलच्या हिवाळ्यावर फुटते. हे सारे दोष खरेच होते. पण मला वाटते, १८३८ च्या त्या शरद ऋतूतील पाचसहा आठवडे अधिक बोधप्रद आहेत, कारण तेव्हा एकही गोळी सुटली नव्हती, कोणाचाही मानभंग झाला नव्हता, माघार घेतली असती तर तिला माघार म्हणण्याचेही कारण नव्हते, आणि तरीही कर्त्या पुरुषांना थांबता आले नाही. दोन बड्या सत्तांची स्पर्धा एखाद्या शेजारी राज्यावरून पेटते तेव्हा त्यांच्या हिशेबात चूक कोठे शिरते, हे या प्रसंगात जितके उघडे दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते: प्रतिस्पर्धी तेथे काय करील याची त्या पैपैपर्यंत मोजदाद करतात, आणि त्या राज्याच्या धन्याला स्वतःला काय हवे आहे, हा रकाना कोराच सोडतात.

रशियाची भीती हा निव्वळ बागुलबुवा होता असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १८१३ च्या गुलिस्तानच्या आणि १८२८ च्या तुर्कमानचायच्या तहांनी रशियाने कॉकेशसमधील इराणी प्रांत एकामागून एक घशात घातले होते आणि तेहरानच्या दरबारात त्याचा शब्द इंग्रजांच्या शब्दाहून वजनदार झाला होता. रशियाचा वकील काउंट सिमोनिच हा हेरातच्या वेढ्यात जातीने हजर होता. हिंदुस्थानातील इंग्रज मुत्सद्द्यांना आणखीही एक चिंता होती, आणि ती त्यांच्या अंतःकरणात बहुधा अधिक खोल होती: रशियाची फौज सिंधू नदीपर्यंत आली नाही तरी ती येत असल्याची नुसती वदंता बाजारात उठली, तर अंकित केलेले संस्थानिक आणि बेकार झालेली शिरबंदी काय करील याचा भरवसा नव्हता. १८३९ साली साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांना गादीवरून दूर करण्यात आले, तेव्हा त्यांच्यावर ठेवलेल्या आरोपांत गोव्याच्या पोर्तुगीजांशी गुप्त कारस्थान केल्याचाही आरोप होता. तेव्हाच्या गोव्याची लष्करी कुवत काय होती हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या आरोपाचे हसू आल्यावाचून राहणार नाही. परंतु संशयाची हवा एकदा पसरली म्हणजे ती पेशावरपासून पणजीपर्यंत सारखीच वाहते.

भीतीला आधार होता, प्रमाण नव्हते. कंपनीची सरहद्द त्या वेळी सतलजवर होती. तिच्यापलीकडे रणजितसिंहाचे बलाढ्य शीख राज्य, त्यापलीकडे अफगाणांचे डोंगर, त्यापलीकडे तुर्कमानांचे वाळवंट, आणि मग कोठे रशियाची सीमा. हे अंतर काय चीज आहे याचा अनुभव खुद्द रशियाने पुढच्याच वर्षी घेतला. १८३९ च्या नोव्हेंबरात ओरेनबुर्गचा गव्हर्नर जनरल पेरोव्स्की सुमारे पाच हजार सैनिक व दहा हजार उंट घेऊन खीव्यावर निघाला. त्या वर्षी हिवाळा असा कडक पडला की खीव्याचे मिनार दृष्टीस पडण्यापूर्वीच त्याला परतावे लागले आणि बहुतेक सारे उंट वाटेतच मेले. ज्या सत्तेला खीव्यापर्यंत पोहोचता आले नाही ती सत्ता दिल्लीच्या वाटेवर आहे असे समजून लंडनमध्ये परराष्ट्रमंत्री पामरस्टन आणि सिमल्यात ऑकलंड आपली मोहरी हलवीत होते.

आता काबूलकडे वळू. दोस्त महंमद हा बारकझाई घराण्यातील पुरुष. १८२६ पासून काबूलवर त्याचा अंमल होता, आणि भाऊबंदकीने पोखरलेल्या त्या मुलखात त्याने जी काही व्यवस्था बसविली होती तिची तारीफ त्याला भेटलेल्या परकीयांनीही केली आहे. त्याच्या मनात एकच शल्य होते. पेशावर, जे अफगाण राजांचे हिवाळी राजधानीचे शहर, ते १८३४ साली शिखांनी घेतले होते. १८३७ च्या एप्रिलात जमरूदच्या लढाईत शिखांचा नामांकित सेनापती हरिसिंग नलवा पडला, पण पेशावर काही परत मिळाले नाही. ऑकलंड १८३६ साली हिंदुस्थानात आले तेव्हा दोस्त महंमदाने त्यांना अभिनंदनाचा खलिता धाडून शिखांच्या या प्रकरणात सल्ला विचारला होता. आणि ऑकलंड यांनी उत्तर दिले होते की दुसऱ्या स्वतंत्र राज्यांच्या कारभारात हात घालण्याची ब्रिटिश सरकारची रीत नाही. हे उत्तर लिहिल्यास पुरती तीन वर्षेही झाली नसतील तोच त्याच सहीने त्याच अमिराचे राज्य बुडविण्यास फौज निघाली, हे दफ्तरी लेखनाच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८३७ च्या सप्टेंबरात अलेक्झांडर बर्न्स व्यापारी शिष्टमंडळाच्या नावाने काबूलला पोहोचला. वयाच्या सोळाव्या वर्षी मुंबईच्या लष्करात दाखल झालेला हा स्कॉटिश तरुण बुखाऱ्यापर्यंत प्रवास करून आला होता, आणि त्या प्रवासाच्या ग्रंथाने लंडनमध्ये त्याचे मोठे नाव झाले होते. त्याला फारसी उत्तम येत असे, दोस्त महंमदाशी त्याचा पूर्वीचा स्नेह होता, आणि अमिराला इंग्रजांचीच मैत्री हवी आहे हे त्याने अल्पावधीत ओळखले. डिसेंबरात ओरेनबुर्गहून विटकेविच नावाचा एक तरुण अधिकारी काबूलला येऊन ठेपला. हा मूळचा लिथुआनियातील पोल. शाळकरी वयात झारविरुद्ध गुप्त मंडळीत सामील झाल्याबद्दल साधा शिपाई म्हणून ओरेनबुर्गच्या सरहद्दीवर हद्दपार झालेला, आणि पुढे केवळ पौर्वात्य भाषांच्या बळावर वर चढलेला. तो आला तेव्हा त्याला भेटावे की नाही, हे दोस्त महंमदाने खुद्द बर्न्सला विचारले. नाताळच्या दिवशी बर्न्सने या प्रतिस्पर्ध्याला आपल्या घरी जेवावयास बोलाविले, आणि दोघांनाही एकमेकांचा सहवास आवडला. दोन साम्राज्यांचे हे दोन हस्तक काबूलच्या थंडीत एका टेबलाशी बसले असता त्यांच्यांतील फरक काय होता? रशियाचा माणूस रणजितसिंहाविरुद्ध द्रव्य देऊ करीत होता, मग ते द्रव्य प्रत्यक्षात येवो वा न येवो. आणि इंग्रजांच्या माणसाला काहीही देऊ करण्याची मुखत्यारी नव्हती.

बर्न्स वारंवार लिहीत राहिला की पेशावरच्या बाबतीत काहीतरी तडजोड सुचवा, निदान रणजितसिंहाच्या हयातीनंतर ते शहर अमिराच्या घराण्याकडे यावे एवढा तरी शब्द द्या. ऑकलंड यांचे जे पत्र फेब्रुवारीत आले त्यात तडजोडीचा मागमूस नव्हता. रशियाशी व इराणशी सर्व संबंध तोडा, पेशावरचा नाद सोडा, आणि या आज्ञापालनाच्या मोबदल्यात शीख तुमच्यावर चालून येणार नाहीत एवढ्यावर समाधान माना, असा त्याचा आशय होता. तरीही दोस्त महंमद दोन महिने थांबला. एप्रिलच्या अखेरीस विटकेविचचा दरबारी सन्मान झाला आणि बर्न्सने काबूल सोडले. आणि मग सिमल्याच्या दफ्तरात नोंद झाली की अमीर रशियाचा पक्षपाती आहे. ज्याला आपण दाराशी ताटकळत उभे केले तो शेजारच्या दारी गेला, यावरून तो पहिल्यापासून शेजाऱ्याचाच होता असे अनुमान काढण्यातला हा प्रकार होता.

हे सारे अज्ञानातून घडले असे पुष्कळांचे मत आहे. माझे तसे नाही. माहिती होती, माणसेही होती. परंतु माहिती ज्या वाटेने वर जात होती त्या वाटेवरच ती गाळली जात होती. बर्न्सचे खलिते काबूलहून लुधियान्यास पोलिटिकल एजंट क्लॉड वेड याच्या हातून जात, आणि वेड त्यांवर आपले शेरे मारून मगच ते पुढे रवाना करी. वेडची सारी हयात शीख दरबाराशी व्यवहार करण्यात गेलेली. अफगाणिस्तान दुभंगलेले असणे हेच कंपनीच्या हिताचे, असे त्याचे पक्के मत. आणि पदच्युत शाहशुजा त्याच्याच देखरेखीखाली लुधियान्यास राहत असलेला. काबूलची बातमी लुधियान्याच्या चष्म्यातून पाहिली जाई, आणि सिमल्यास ती वाचणारे सेक्रेटरी विल्यम मॅकनॉटन हे अरबी-फारसीचे गाढे पंडित, हिंदू व मुसलमान कायद्यांवर ग्रंथ लिहिलेले, पण अफगाण मुलखात कधी पाऊल न टाकलेले गृहस्थ होते. आणि बर्न्स? दोस्त महंमदाची तरफदारी करून थकल्यावर, बेत ठरलाच आहे असे पाहून, शुजाला गादीवर बसविण्यास दोन पलटणींची मानाची सोबत पुरेल असे तोही लिहून गेला. त्याच वर्षी त्याला सर हा किताब मिळाला. पुढे १८३९ साली पार्लमेंटापुढे कागद ठेवण्यात आले तेव्हा त्याच्या पत्रांतील अमिराविषयीचे अनुकूल उद्गार वगळण्यात आले होते. ती पत्रे समग्र प्रसिद्ध होण्यास १८५९ साल उजाडावे लागले, आणि तोवर ज्याची पत्रे होती तो माणूस जाऊन अठरा वर्षे लोटली होती.

शुजाची निवड हीच या हिशेबातील सर्वांत मोठी चूक. पानिपतावर मराठ्यांचा पराभव करणाऱ्या अहमदशाह अब्दालीचा हा नातू. घराण्याने थोर, नशिबाने करंटा. १८०९ साली गादी गेली, १८१३ साली लाहोरात रणजितसिंहाने त्याच्याकडून कोहिनूर काढून घेतला, आणि १८३४ साली पुन्हा एकदा नशीब अजमावण्यास तो निघाला तेव्हा कंदाहारापाशी दोस्त महंमदानेच त्याला पिटाळून लावले. १८३८ च्या जूनमध्ये कंपनी, रणजितसिंह आणि शुजा यांच्यात जो त्रिवर्ग तह झाला त्यात शुजाने पेशावरवरचा हक्क कायमचा सोडून दिला. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी अफगाणांचे रक्त सळसळत होते तीच गोष्ट कागदावर लिहून देऊन, शिखांच्या संमतीने आणि फिरंग्यांच्या संगिनींच्या आधाराने हा राजा आपल्या प्रजेवर राज्य करावयास येणार होता. जाहीरनाम्यात त्याच्या लोकप्रियतेचा उल्लेख आहे.

आणि ही मसलत आपल्या नकळत कशी फुगत गेली हेही पाहण्यासारखे आहे. आरंभी बेत असा होता की लढावयाचे शुजाच्या व शिखांच्या फौजेने, कंपनीने पैसा व काही अधिकारी द्यावे. रणजितसिंह हा त्या तिघांत सर्वांत धूर्त. त्याने तहावर शिक्का उठविला, पण खैबरच्या घाटात आपली माणसे खर्ची घालण्याचा उत्साह दाखविला नाही, आणि इंग्रजांची मुख्य फौज आपल्या मुलखातून जाऊ देण्यासही तो राजी झाला नाही. तेव्हा कंपनीची स्वतःची फौज उभी राहिली, आणि तिला सिंधमधून बोलन घाटाने, म्हणजे दुपटीहून लांबच्या वाटेने, जावे लागले. सिंधच्या अमिरांशी १८३२ साली तह झाला होता की सिंधू नदीचा उपयोग लष्करासाठी करावयाचा नाही. तो गुंडाळून ठेवण्यात आला, १८३९ च्या फेब्रुवारीत मनोऱ्याच्या किल्ल्यावर तोफा डागून कराची घेण्यात आली, आणि अमिरांकडून वर खंडणीही वसूल झाली. एका शेजाऱ्याला वाचविण्याच्या मिषाने दुसऱ्या शेजाऱ्याला नागविणे हे अशा मसलतींत अटळच असते की काय नकळे.

ज्यांना तो मुलूख खरोखर ठाऊक होता त्यांनी आधीच सावध केले होते. मराठी वाचकांस अलपिष्टन साहेब या नावाने परिचित असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, ज्यांनी पुण्यास पेशवाईची अखेर घडवून आणली, मुंबईचे गव्हर्नरपद भूषविले आणि गव्हर्नर-जनरलपद दोनदा नाकारले, ते पुण्यास रेसिडेंट होण्यापूर्वी १८०९ साली पेशावरास वकील म्हणून गेले होते. ज्या शुजाच्या दरबारात त्यांनी नजराणे पेश केले तो शुजा त्यानंतर काही महिन्यांतच परागंदा झालेला त्यांनी पाहिला होता. निवृत्त होऊन इंग्लंडात राहत असता त्यांनी बर्न्सला कळविले की सत्तावीस हजार फौज बोलनमार्गे नेऊन तिला रसद पुरविता आली तर कंदाहार व काबूल तुम्ही घ्याल यात शंका नाही. पण त्या दरिद्री, थंड, बिकट आणि दूरच्या मुलखात शुजाला गादीवर टिकविणे मला अशक्यप्राय दिसते. ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांनीही हेच सुचविले होते की लष्करी यश संपेल तेथे अडचणी सुरू होतील. या दोघांनाही युद्धाचे वावडे नव्हते. एकाने पेशव्यांचे राज्य घेतले होते, दुसऱ्याने असईची लढाई जिंकली होती. जिंकणे आणि टिकविणे यांत भेद आहे हे दोघेही दख्खनमध्ये शिकले होते.

‘सिंधू नदीची फौज’ या नावाने निघालेल्या या सैन्यात बंगालच्या, मुंबईच्या आणि शुजाच्या मिळून सुमारे एकवीस हजार सैनिक होते, आणि त्यांच्यामागे सुमारे अडतीस हजार बाजारबुणगे व तीस हजार उंट चालले होते. पानिपतची कहाणी ज्याने ऐकली आहे त्याला हा आकडा वाचून पुढचे भविष्य वर्तविण्यास ज्योतिषी लागणार नाही. मुंबईच्या तुकडीत कोकणातले व देशावरचे पुष्कळ शिपाई होते. बोलन घाटात उंट पटापट मेले, धान्य आटले, आणि कलातचा खान मेहराब खान याने बर्न्सला बोलून दाखविले की फौज आणली खरी, पण ती परत न्याल कशी? परतीच्या वाटेवर मुंबईच्या तुकडीने कलात जिंकून या खानाला ठार मारले, त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र दिले नाही. मुंबईस कुलाब्याला जे अफगाण चर्च म्हणून ओळखले जाते ते या मोहिमांत कामास आलेल्यांच्या स्मरणार्थ उभारलेले आहे. तेथे अधिकाऱ्यांची नावे भिंतीवर कोरली आहेत. साध्या सैनिकांविषयी एवढेच म्हटले आहे की त्यांची संख्या नोंदता येण्यापलीकडची आहे.

लष्करी यश मात्र, वेलिंग्टन यांनी गृहीत धरले होते त्याप्रमाणे, झटपट आले. एप्रिलात कंदाहार, जुलैत गझनी, आणि ७ ऑगस्ट १८३९ रोजी शुजा तीस वर्षांनी काबूलात शिरला. लोक घरांतून बाहेर पडून पाहत राहिले, जयघोष कोणी केला नाही. ऑकलंड यांना अर्लची पदवी मिळाली, सेनापती कीन लॉर्ड झाले, मॅकनॉटन बॅरोनेट झाले. फौज परत फिरावयाची होती. परंतु ती गेल्यास राजाही जाईल हे दिसताच तिचा मोठा भाग तेथेच राहिला. लोकप्रिय राजाला दुसऱ्याच्या गारदेवाचून एक रात्र काढता येऊ नये, ही गोष्ट जाहीरनामा लिहिणाऱ्यांना तेव्हाही खटकली नाही. छावणीच्या कोठीसाठी रोख पैशाने धान्य व चारा खरेदी होऊ लागल्यामुळे काबूलच्या बाजारात भाव चढले, आणि फिरंगी फौजेच्या रुपयांनी श्रीमंत झालेल्या दोनचार दुकानदारांखेरीज बाकी सारे शहर उपासमारीने चिडले. बाला हिसार किल्ल्यात फौज ठेवणे सुरक्षित होते, परंतु शुजाच्या जनानखान्यासाठी ती जागा सोडण्यात आली आणि छावणी उघड्या मैदानात वसली. तिची धान्याची कोठारेही तटाबाहेर राहिली. करवसुली राजाच्या नावाने आणि दबाव इंग्रजांचा, अशा दुहेरी अंमलात शिव्या मात्र दोघांनाही पडत.

या राज्याचा खर्च वर्षाला दहा लाख पौंडांवर गेला तेव्हा काटकसरीचे हुकूम सुटले, आणि अशा काटकसरीत नेहमी होते तेच झाले: जे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त तेच आधी कापले गेले. काबूल आणि जलालाबाद यांमधील घाट पूर्वेकडील गिलझाईंच्या ताब्यात होते, आणि वाट खुली ठेवण्याबद्दल त्यांच्या सरदारांना सालिना नेमणूक मिळत असे. ही खंडणी नव्हती आणि मेहेरबानीही नव्हती. काबूलच्या प्रत्येक राजाने ती पूर्वापार दिलेली होती, आणि गिलझाईंनीही आपला शब्द पाळून टपाल व कारवाने सुरक्षित जाऊ दिली होती. १८४१ च्या शरदात मॅकनॉटन यांनी सरदारांना बोलावून ही नेमणूक निम्म्यावर आणल्याचे सांगितले. सरदार सलाम करून निघून गेले आणि घाट बंद झाले. मॅकनॉटन यांचे सामान तेव्हा बांधून तयार होते. त्यांची मुंबईच्या गव्हर्नरपदावर नेमणूक झाली होती, आणि मुलखात सर्वत्र शांतता आहे असे ते त्याच सुमारास लिहीत होते. २ नोव्हेंबर रोजी बर्न्स आपल्या घरात मारला गेला. २३ डिसेंबर रोजी वाटाघाटीच्या जागी दोस्त महंमदाचा मुलगा अकबर खान याने मॅकनॉटन यांचा प्राण घेतला. मुंबईला आपला नवा गव्हर्नर दिसलाच नाही. एप्रिलात शुजाचाही खून झाला.

त्यानंतर सूडाची फौज गेली, काबूलचा प्रसिद्ध चार छत्ता बाजार सुरुंगाने उडविण्यात आला, आणि नवे गव्हर्नर-जनरल लॉर्ड एलेनबरो यांनी अफगाणिस्तान सोडल्याचा जाहीरनामा मुद्दाम सिमल्याहून, मुद्दाम १ ऑक्टोबर १८४२ ही तारीख घालून काढला, म्हणजे पूर्वाधिकाऱ्याची फजिती पुरती व्हावी. विटकेविच तोवर या जगात नव्हता. तो परत गेला तेव्हा रशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्याच्या कामगिरीशी आपला संबंध नाकारला, आणि १८३९ च्या मे महिन्यात तो सेंट पीटर्सबर्गच्या एका हॉटेलात पिस्तुलाच्या गोळीने मेलेला आढळला. त्याचे कागद जळालेले होते. ज्या रशियाच्या पावलांना अडविण्यासाठी एवढा अनर्थ ओढवून घेतला त्या रशियाने मोहीम गझनीस पोहोचण्याआधीच पाऊल मागे घेऊन सिमोनिचलाही परत बोलाविले होते.

कोणी म्हणेल की हा कंपनीच्या काळचा इतिहास. तारा नव्हत्या, विमाने नव्हती, बातमी महिन्यांनी पोहोचे. परंतु १९७९ साली मॉस्कोला बातमी तासाभरात पोहोचत होती. त्या वर्षीच्या मार्चमध्ये हेरातला उठाव झाला आणि काबूलच्या साम्यवादी सरकारने सैन्य मागितले, तेव्हा सोव्हिएत पॉलिटब्यूरोने पूर्ण विचारांती नकार दिला होता. आपल्या सैन्याला तेथील जनतेशीच लढावे लागेल हे त्या वृद्ध पुढाऱ्यांना स्वच्छ दिसत होते. नऊ महिन्यांनी त्याच माणसांनी उलट निर्णय घेतला, कारण मधल्या काळात काबूलचा सत्ताधीश झालेला हफिझुल्ला अमीन हा अमेरिकेला जाऊन मिळेल असा संशय त्यांच्या मनात शिरला. जनरल स्टाफचे प्रमुख ओगार्कोव्ह यांचा विरोध बाजूस सारण्यात आला, अमीन मारला गेला, आणि परदेशी आश्रयाला असलेले बाबराक करमाल रणगाड्यांबरोबर काबूलात आले. वॉशिंग्टननेही हिशेब तसाच केला: रशिया इराणी आखाताकडे निघाला आहे, असे धरून अध्यक्ष कार्टर यांनी जानेवारीत घोषणा केली. मॉस्कोला अमेरिका दिसत होती, वॉशिंग्टनला आखात दिसत होते. अफगाण माणूस दोघांनाही दिसत नव्हता. शेवटचा सोव्हिएत सैनिक १५ फेब्रुवारी १९८९ रोजी अमू नदी ओलांडून परतला, तोवर त्यांचे सुमारे पंधरा हजार लोक आणि त्याच्या कितीतरी पटींनी अफगाण मेले होते.

दोस्त महंमदाची हकीकत मात्र पुरी सांगितली पाहिजे. १८४० साली तो इंग्रजांना शरण आला होता. १८४३ साली त्याला मुकाट्याने सोडून देण्यात आले आणि तो त्याच गादीवर जाऊन बसला, जिच्यावरून त्याला उठविण्यासाठी कोट्यवधी रुपये आणि हजारो जीव खर्ची पडले होते. १८५५ साली त्याच्याशी मैत्रीचा तह झाला. १८५६ साली इराणने पुन्हा हेरात घेतले तेव्हा इंग्रजांनी मुंबईहून इराणी आखातात आरमार धाडले आणि १८५७ च्या जानेवारीत पेशावर येथे नवा तह करून, इराणशी युद्ध चालू असेतो दरमहा एक लाख रुपये अमिराला देण्याचे कबूल केले. वीस वर्षांपूर्वी बर्न्सच्या हाती एवढा अधिकार असता तर काय झाले असते, असा विचार तो तहनामा लिहिणाऱ्यांच्या मनात आला असेलच. त्यानंतर चारच महिन्यांनी मीरतेस शिपायांनी उठाव केला, पंजाबातील गोरी फौज दिल्लीच्या वेढ्यात गुंतली, आणि पेशावरचे ठाणे सांभाळणे इतके जड झाले की पंजाबचे चीफ कमिशनर जॉन लॉरेन्स यांनी ते शहर दोस्त महंमदाला देऊन टाकावे आणि त्याची मैत्री पक्की करावी, असा प्रस्ताव मांडला. गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी तो नामंजूर केला. काबूलातील मुल्ला आणि सरदार अमिराला पेशावरवर चालून जाण्यास सांगत होते, आणि अशी संधी त्याला उभ्या जन्मात दुसऱ्यांदा येणार नव्हती; पेशावर न मिळताही त्याने तह पाळला आणि त्या वर्षी त्याची फौज खैबर उतरली नाही.